घर रिकामे करताना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी विद्वान वक्त्यांनी कर्मसिद्धांत, अनेकांत, श्रावकाचार यांसारख्या गहन विषयांवर विवेचन केले. मी पंडित नाही. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. त्यामुळे कार्यवाहांनी ‘अपरिग्रह’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी त्यांना विनंती केली की शास्त्राची बाजू इतरांनी मांडावी. मी एका घराचा हिशेब मांडतो. ते घर माझ्या आत्याबाईंचे.

हा प्रसंग आता आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी येऊ लागला आहे. मुले पुण्याला, बेंगळुरूला, काही परदेशी. गावाकडच्या वाड्यात वडीलधारे दोघे, मग एक, आणि मग कुलूप. पूर्वी एकत्र कुटुंबात कोणी गेले तरी घर चालतच राही. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जात आणि वापरात राहत. आता एका पिढीचे सारे सामान एकदमच पुढच्या पिढीसमोर येऊन पडते आणि त्या पिढीकडे ना जागा असते, ना रजा.

आत्याबाईंचा वाडा सोलापूर जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी. ओसरी, माजघर, देवघर, दोन माळे, भिंतीतले बळद आणि मागे परसात पत्र्याची खोली. 2023 साली आत्याबाई गेल्या. वय 88. वर्षभर घर बंद राहिले. त्यानंतर त्यांच्या दोन मुलांनी व मुलीने वाडा विकण्याचे ठरविले आणि सामानाची विल्हेवाट लावण्यासाठी मला बोलाविले. कारण सांगितले ते असे की, “दादा, तुम्हाला दरवर्षी दुकानातला माल मोजायची सवय आहे.” एकोणीस दिवस आम्ही ते काम केले.

प्रारंभी शास्त्रातील एक-दोन गोष्टींचे स्मरण करून देतो, म्हणजे पुढील हिशेब समजेल. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येने केलेली नाही. मूर्च्छा, म्हणजे ‘हे माझे’ या भावाने आलेली बेशुद्धी, तिला परिग्रह म्हटले आहे. बाह्य परिग्रह दहा प्रकारचा आणि अंतरंग परिग्रह चौदा प्रकारचा. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास यांच्यानंतर ‘कुप्य’ आणि ‘भांड’ येतात. कुप्याचा अर्थ पाहू गेल्यास सर्वार्थसिद्धी टीकेत सुती, रेशमी वस्त्रांचा उल्लेख आहे. म्हणजे आम्हा कापडवाल्यांचा सारा माल शास्त्रकारांच्या नजरेतून सुटलेला नाही. आणि भांड म्हणजे भांडीकुंडी. सोने आणि जमीन यांची वाटणी तर वकील करून देतात. आत्याबाईंच्या घरी एकोणीस दिवस खाल्ले ते या शेवटच्या दोन प्रकारांनी.

प्रथम कागदांविषयी सांगतो, कारण तेथे घाई केली तर नुकसान होते. आम्ही पहिला नियम असा केला की कोणताही कागद, पाकीट, वही, जुने कॅलेंडर उलटून पाहिल्याशिवाय रद्दीत टाकायचे नाही. याचे फळ मिळाले. पोथीच्या वेष्टनात एका बँकेची मुदत ठेवीची पावती निघाली. स्वयंपाकघरातील डब्यात शेअरचे दोन कागदी दाखले निघाले. लुगड्याच्या घडीत पाचशेच्या जुन्या सात नोटा निघाल्या. 8 नोव्हेंबर 2016 रोजी त्या नोटा रद्द झाल्या होत्या आणि बँकेत भरण्याची मुदत त्याच वर्षीच्या 30 डिसेंबरला संपली होती. आत्याबाईंनी अडीअडचणीसाठी जपून ठेवलेला पैसा कागद होऊन पडला होता. येथे एक सावधगिरी सांगतो. 2017 च्या कायद्यानुसार अशा जुन्या नोटा दहाहून अधिक बाळगणे हा गुन्हा आहे. तेव्हा आठवण म्हणून गठ्ठा ठेवू नये.

इतर दोन गोष्टींत मात्र निराश होण्याचे कारण नाही. बँकेतील ठेव दहा वर्षे कोणी मागितली नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. परंतु वारसांचा हक्क बुडत नाही, त्याच बँकेकडे अर्ज करून रक्कम मिळते. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2023 साली ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे. शेअरचा लाभांश लागोपाठ सात वर्षे कोणी घेतला नाही तर तो लाभांश आणि ते शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथूनही अर्ज करून परत मिळविता येतात. कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकणे 1 एप्रिल 2019 पासून बंद झाले असले, तरी वारसाच्या नावे करून घेण्याचा मार्ग खुला आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून सर्वांना एकच विनंती आहे. आपल्या हयातीत एका वहीत पानभर यादी लिहा: खाते कोठे, वारस म्हणून नाव कोणाचे लावले आहे, किल्ली कोठे. आत्याबाईंच्या घरी किल्ल्यांचा एक जुडगा निघाला, तेवीस किल्ल्यांचा. त्यांपैकी सोळा किल्ल्यांची कुलुपे आम्हाला सापडली नाहीत.

कागदांतच मोडीत लिहिलेली दोन बाडे होती. ती आत्याबाईंच्या सासऱ्यांच्या पेढीची. मुलांना ती वाचता येत नव्हती, मलाही येत नाहीत. रद्दीवाल्याने ती वजनात धरली होती. ती बाजूला काढून ठेवली. आपल्याकडे पुराभिलेखागारे आहेत, पुण्याला 1910 पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मोडी वाचणारे जाणकार अजून आहेत. जुना कागद आपल्याला वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही, याचा आपल्या समाजाला तरी विसर पडू नये. विदर्भातील कारंजा येथील मंदिरांच्या कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या बासनांत बांधलेल्या पोथ्या पडून होत्या. डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी त्या उलगडल्या आणि अपभ्रंश भाषेतील ग्रंथ 1930 च्या दशकात छापून जगापुढे आले. षट्‌खंडागमाची धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर राहिली. तिचा पहिला खंड 1939 साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला. त्या त्या काळी कोणी ‘अडगळ’ म्हणून माळा साफ केला असता, तर आज आपण काय वाचले असते?

भांड्यांची गोष्ट वेगळी. दोन्ही माळ्यांवर तांब्यापितळेची भांडी रचलेली होती: हंडे, कळशा, घंगाळी, पराती, एक पाण्याचा बंब. स्टीलची भांडी आली तशी ही वर गेली आणि पुन्हा खाली उतरली नाहीत. मोडीच्या भावाने घेणारा काटा घेऊन आला होता. एक-एक भांडे खाली उतरवताना धाकट्या भावाची मुलगी त्यांवरची नावे वाचू लागली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची पद्धत होती: देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख. ती मुलगी एकेक नाव विचारी आणि मी सांगे, “ही तुझ्या पणजीची बहीण. हे तुझ्या आजोबांचे मामा.” पाऊण तासात तिने चार पिढ्यांची वंशावळ वहीत उतरवून घेतली. मोडवाल्याच्या काट्यावर त्या नावांना वजन नव्हते. आमच्या घराण्याची दुसरी कोणतीही लेखी नोंद मात्र अस्तित्वात नाही. आम्ही सर्व नावे उतरवून घेतली, छायाचित्रे काढली, प्रत्येक नातवंडाला एक-एक भांडे दिले, मोठी भांडी कल्हई करून तीर्थक्षेत्रावरील भोजनशाळेला दिली आणि फुटकी तेवढी मोडीत घातली.

आता कापडाविषयी. येथे मी जे बोलणार आहे ते माझ्या व्यवसायाच्या विरुद्ध जाते, याची मला जाणीव आहे.

आत्याबाईंच्या घरी तीन कपाटे आणि पाच पेट्या मिळून 146 साड्या व लुगडी निघाली. इरकली, नारायणपेठी, महेश्वरी, दोन पैठण्या, बाकी साध्या. मुलांनी कपाळाला हात लावला. थोरला मुलगा म्हणाला, “आईने जन्मभर अपरिग्रह सांगितला आणि हे काय साठवून ठेवले?” त्या वाक्याने त्याची बहीण फार दुखावली. दोन दिवस भावंडांत बोलणे नव्हते.

तिसऱ्या दिवशी देवघराच्या फडताळात आत्याबाईंच्या व्रतांची वही मिळाली. दशलक्षणाचे उपवास, अष्टान्हिका, सर्व काही त्यांनी टिपून ठेवले होते. त्यात 1968 सालची नोंद होती की मुनिमहाराजांच्या समक्ष त्यांनी परिग्रहपरिमाण केले आणि नेसण्यासाठी बारा लुगड्यांची मर्यादा घेतली. आम्ही कपाटे पुन्हा उघडली. नेसून विरलेली लुगडी मोजली. ती अकरा भरली. बारावे त्यांच्या अंगावर गेले होते.

उरलेल्या 135 नगांची घडीही मोडलेली नव्हती. त्यांपैकी 118 नगांत एक-एक चिठ्ठी होती. आत्याबाईंच्या बारीक अक्षरात लिहिलेली: कोणाकडून, कोणत्या प्रसंगी, कोणत्या साली. लग्नातला आहेर, बारशाचा, वास्तुशांतीचा, साठीशांतीचा. काही चिठ्ठ्यांवर दुसरे नावही होते, ज्यांना ती परत द्यायची त्यांचे.

मंडळी, आम्ही जमाखर्च शिकलेली माणसे. ताळेबंदाला दोन बाजू असतात, येणे आणि देणे. मुलांना वाटत होते की ती कपाटे म्हणजे आईची मालमत्ता. आत्याबाईंच्या वहीत ती मालमत्ता नव्हती, ते देणे होते. समाजाने त्यांच्याकडे ठेवलेली ती ठेव होती आणि ती फेडल्याशिवाय आपण जाऊ नये एवढीच त्यांची चिंता. जी वस्तू त्यांनी स्वतःची मानलीच नाही, तिच्याविषयी मूर्च्छा कोठून असणार? थोरल्या मुलाने ती वही वाचली आणि बहिणीच्या हातात दिली. तो काही बोलला नाही. बोलण्याची गरजही उरली नव्हती.

मात्र प्रश्न तेथे संपत नाही. आत्याबाई निर्दोष ठरल्या तरी 135 साड्या कपाटात होत्याच. मग परिग्रह कोणाचा? त्यांत एक साडी अशी निघाली की तिच्यावर आमच्याच दुकानाचा शिक्का होता. चिठ्ठ्या जोडून पाहिल्या तर ती साडी 1994 सालापासून तीन घरे फिरून आत्याबाईंकडे आली होती. तीन लग्ने तिने पाहिली आणि एकदाही ती कोणाच्या अंगाला लागली नाही. घेणाऱ्याला नको असते, देणाऱ्याला द्यावी लागते आणि दोघेही मान राखल्याचे समाधान मानतात. आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या, खण हा आमच्या धंद्याचा मोठा भाग आहे. तरीही सांगतो की या फिरत्या आहेराने आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या घरांची कोठारे केली आहेत. कापड दुसऱ्या घरी पोहोचते, ओझे मात्र त्यांच्या माथी राहते.

आणि कापड ठेवून टिकते हाही भ्रम आहे. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिले तर त्या घडीवरच चिरते. पैठण्यांतील एक आम्ही उलगडली तेव्हा ती घडीच्या रेषेवर फाटत गेली. डांबराच्या गोळ्यांनी जर काळवंडते. ज्यांना मौल्यवान वस्त्र ठेवायचेच आहे त्यांनी ते स्वच्छ सुती मलमलीत गुंडाळावे आणि वर्षातून एकदा उलगडून, हवा देऊन, निराळी घडी घालावी. जुन्या लुगड्याची जर खरी, म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळून सोन्याचे पाणी दिलेली असेल, तर ती जाळून चांदी काढणारे घेतात. पण ते लुगडे कोणाचे, हे घरात विचारल्याशिवाय देऊ नये. विरलेल्या सुती लुगड्याइतके मऊ कापड बाजारात मिळत नाही. त्याची बाळासाठी दुपटी करा, वाकळ शिवा. आत्याबाईंच्या अकरा लुगड्यांच्या तीन वाकळी शिवून तीन भावंडांनी घेतल्या. कोऱ्या साड्यांपैकी ज्यांवर परतफेडीचे नाव होते त्या त्या घरी पोहोचविल्या. उरलेल्या चांगल्या साड्या समाजातील व समाजाबाहेरील गरजू भगिनींना दिल्या. देताना एकच कसोटी ठेवली: आपल्या घरातील स्त्रीने ती नेसली असती का? ज्याचे उत्तर ‘नाही’ आले ती साडी दानात घातली नाही. आपली अडगळ दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवण्याला दान म्हणता येणार नाही.

आणखी एक अनुभव अहिंसाधर्मीयांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. परसातील खोलीत गोधड्यांची एक मोठी पेटी होती. झाकण उघडले तर आत उंदरीण आणि तिची डोळे न उघडलेली पिल्ले. खालच्या फळीवर वाळवी, पुस्तकांत कसर. सुनेने झाकण हलकेच लोटले आणि सांगितले, “ही पेटी शेवटी.” आम्ही पंधरा दिवस तिकडे गेलो नाही. पिल्ले मोठी होऊन निघून गेली, मग पेटी रिकामी केली. वाळवीच्या फळीला मात्र असा उपाय नव्हता. अंधारात, न हलविता साठविलेली वस्तू ही जीवोत्पत्तीचे ठिकाण होते आणि पुढे ती हलविताना हिंसा टाळता येत नाही. अपरिग्रह आणि अहिंसा ही दोन व्रते किती जवळची आहेत, हे मला त्या खोलीत कळले. म्हणून घराची आवराआवर चैत्र-वैशाखात, पावसापूर्वी करावी. चातुर्मासात कपाटाखालचे कोपरे ढवळू नयेत.

देवघरातील जुन्या पूजापुस्तकांचा आणि तीर्थंकरांच्या चित्रांच्या दिनदर्शिकांचा प्रश्न सर्वांनाच पडतो. रद्दीत देववत नाहीत. पाण्यात सोडावे तर जलकायिक जीवांची विराधना आणि नदीचे प्रदूषण. यावर व्यक्तीपेक्षा संस्थेने उपाय करावा हे बरे. त्याकडे शेवटी येतो.

आता एक अशी वस्तू सांगतो की जिचा हिशेब मला लागला नाही. सर्वांत जुन्या पेटीच्या तळाशी, मलमलीत गुंडाळलेले, एक लहान झबले होते. त्यात चिठ्ठी नव्हती. तिन्ही मुलांपैकी कोणाचेच ते नव्हते. शेजारच्या वृद्ध आजींना दाखविले तेव्हा त्यांनी ओळखले. आत्याबाईंचे पहिले मूल पाच महिन्यांचे होऊन गेले होते. मुलांना ते ठाऊकच नव्हते. ज्या स्त्रीने 146 साड्यांत एकीवरही जीव अडकू दिला नाही, तिने हे एक झबले साठ वर्षांहून अधिक काळ ठेवले, आणि घडी निराळी निराळी घालून ठेवले असावे, कारण ते कोठेही चिरलेले नव्हते. याला मूर्च्छा म्हणावे की काय म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकार मला नाही. मुलीने ते आपल्याकडे घेतले.

त्यामुळेच माझा आग्रह आहे की घर वडीलधाऱ्यांच्या पश्चात नव्हे, त्यांच्या देखत आवरावे. त्यांच्या पाठीमागे, ते तीर्थयात्रेला गेले असताना, ट्रक आणून माळा रिकामा करणे हा त्यांचा अवमान आहे. त्यांच्या शेजारी बसावे, एकेक वस्तू हातात द्यावी आणि विचारावे, “हे कोणाचे? हे कोणाला द्यायचे?” त्यांनी ‘राहू दे’ म्हटले तर राहू द्यावे. वस्तू देण्याचे पुण्य ज्याची वस्तू त्याच्या हातून घडावे. आपण मागाहून देतो तेव्हा ती केवळ विल्हेवाट होते.

सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या निमित्ताने विश्वस्तांपुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, ट्रस्टने एक स्वच्छ, कोरडे, कुलूपबंद कपाट केवळ जुन्या हस्तलिखितांसाठी, मोडी कागदांसाठी आणि आपल्या समाजाच्या नियतकालिकांच्या जुन्या अंकांसाठी राखावे आणि त्याची नोंदवही ठेवावी.

दुसरी, जीर्ण धार्मिक पुस्तके व चित्रे स्वीकारण्याची सोय मंदिरात करावी. चांगली पुस्तके पाठशाळांना द्यावीत. अगदीच जीर्ण झालेल्यांचे काय करावे याविषयी मुनिमहाराजांचे मार्गदर्शन घेऊन एक पद्धत ठरवावी.

तिसरी, घर रिकामे करणाऱ्या कुटुंबाच्या साहाय्यास चार अनुभवी माणसे पाठवावीत. अशा वेळी परक्या माणसाचे शांत डोळे फार उपयोगी पडतात. यात माझे नाव पहिले लिहावे.

चौथी, आपल्या समाजात विवाहादी कार्यांत वस्त्रांचा आहेर देणे-घेणे बंद करण्याचा ठराव करावा. ज्यांना मान राखायचा आहे त्यांनी त्या कुटुंबाच्या नावे आहार, औषध, शास्त्र व अभय या चतुर्विध दानांपैकी कोणत्याही एकास रक्कम द्यावी. या ठरावाने माझ्या दुकानाची विक्री घटेल हे मी जाणून आहे, आणि तरीही सूचक म्हणून मी सही करण्यास तयार आहे.

जाता जाता, अध्यक्ष महोदयांची क्षमा मागून एक गोष्ट सांगतो. काल मी ट्रस्टच्या कार्यालयामागील खोली पाहून आलो. जुने कापडी फलक, मोडक्या खुर्च्या, स्मृतिचिन्हे आणि रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे न उघडलेले गठ्ठे तेथे आहेत. पन्नास वर्षांत संस्थेचाही संसार वाढतो. तेव्हा आवराआवरीचा शुभारंभ त्या खोलीपासून करावा आणि ही सुवर्णमहोत्सवी स्मरणिका तरी घराघरांत वाचली जाईल इतक्याच प्रतींत छापावी.